पेटीतल्या बाळाला रक्त द्यायचंय: आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

३२ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा जन्मतः दीड किलोच्या आत वजन असलेल्या बाळांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारात उभं राहून नीट विचारायला वेळ मिळत नाही, विचारलं तर उत्तर अर्धवट कळतं, आणि संमतिपत्रावर सही मात्र लगेच हवी असते. माझं म्हणणं एकच आहे. इतक्या लहान जिवाच्या बाबतीत रक्ताचा प्रत्येक मिलिलिटर हिशेबात धरायला हवा, दिलेलाही आणि काढलेलाही. तुमच्या बाळाचा निर्णय त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टरच घेतील. इथलं वाचून त्यांच्याशी बोलणं सोपं जावं, यासाठी हा खटाटोप.

बाळाला कुठे जखम नाही, रक्तस्राव नाही. मग रक्त कमी कसं झालं?

आधी एक गोष्ट: गरोदरपणात आईच्या खाण्यापिण्यात काही राहिलं म्हणून हे झालेलं नाही. सासरी-माहेरी कोणी तसं म्हणत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

बाळाला आईकडून लोह मिळतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ तो साठा न घेताच बाहेर येतं. लाल पेशी तयार करण्याचा निरोप अस्थिमज्जेला देणारं एक संप्रेरक असतं, एरिथ्रोपोएटिन. मोठ्या माणसात ते मूत्रपिंडात तयार होतं. या बाळांत ते अजून यकृतातच तयार होत असतं, आणि ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय यकृत हा निरोप धाडत नाही. शिवाय आपली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, पूर्ण दिवसांच्या बाळाची ६० ते ९० दिवस, तर या बाळांची जेमतेम ३५ ते ५० दिवस. त्यात वजन वाढू लागलं की तेवढ्याच पेशी वाढत्या शरीराला पुरवाव्या लागतात.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं हिमोग्लोबिनही दोन-तीन महिन्यांनी ९ ते ११ पर्यंत उतरतं आणि आपोआप वर येतं. कमी दिवसांच्या बाळात हा उतार लवकर येतो, साधारण दुसऱ्या महिन्यात, आणि तो जास्त खोल असतो. शेवटचं कारण मात्र आपल्या हातातलं आहे: तपासण्या.

तपासण्यांसाठी सारखं रक्त काढतात. त्यानेच कमी होत असेल ना?

हो. हा प्रश्न विचारणारे पालक शंकेखोर नसतात, त्यांचं निरीक्षण बरोबर असतं.

हिशेब करून पाहा. ९०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण ८० मिली, म्हणजे चहाच्या एका लहान कपाएवढं. त्यातून १ मिली काढलं तर ६० किलोच्या माणसातून ५० मिलीच्या वर काढल्यासारखं होतं. पहिल्या आठवड्यात रक्तातले वायू, साखर, क्षार, कावीळ, जंतुसंसर्ग अशा तपासण्या दिवसातून अनेकदा लागू शकतात. अगदी लहान आणि जास्त आजारी बाळांना पहिल्या काही आठवड्यांत द्यावं लागणारं रक्त बऱ्याच अंशी तपासण्यांत गेलेल्या रक्ताची भरपाई असतं.

तपासण्या बंद करा, असं मी म्हणत नाही. त्यांच्यावाचून ही बाळं वाचत नाहीत. पण कमी रक्तात काम भागवण्याचे मार्ग आहेत. लहान मुलांसाठीच्या छोट्या नळ्या वापरता येतात. दोन-चार थेंबांत वायू, साखर आणि क्षार एकदम सांगणारं यंत्र खाटेजवळ ठेवता येतं. काविळीचा अंदाज त्वचेवर ठेवायच्या उपकरणाने घेता येतो. नाळेतल्या नळीतून नमुना घेताना आधी ओढलेलं रक्त फेकून न देता बाळाला परत देता येतं. आणि "रोजच्या रोज सगळं पाठवा" असा ठोकळेबाज आदेश टाळता येतो. काही ठिकाणी काढलेल्या रक्ताची नोंद बाळाच्या तक्त्यावर मिलीत ठेवतात. तुमच्याकडे तशी नोंद आहे का, हे नम्रपणे विचारा. चांगल्या युनिटमधल्या सिस्टरना या प्रश्नाचा राग येत नाही.

जन्माच्या वेळीच काही करता आलं असतं का?

जुळं असेल, आधीचं बाळ लवकर जन्मलं असेल किंवा रक्तदाब वाढून प्रसूती लवकर करावी लागणार असेल, तर हे प्रसूतीआधीच वाचा. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच न कापता किमान अर्धा ते एक मिनिट थांबलं तर वारेतलं रक्त बाळाकडे येतं. त्यामुळे पुढे रक्त देण्याची गरज कमी होते आणि बाळ वाचण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनाही नाळ एक मिनिटाच्या आत कापू नये असं सांगते. सिझेरियनमध्येही थांबता येतं. बाळ अजिबात श्वास घेत नसेल किंवा वार फाटून रक्त जात असेल, तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतील.

नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याची एक पद्धत आहे. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांत ती टाळतात, कारण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाळांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव जास्त दिसला. प्रसूतिगृहात फक्त "थोडं थांबाल ना?" एवढं विचारून ठेवा.

हिमोग्लोबिन किती झालं की रक्त देतात?

एकच आकडा नाही. बाळाचं वय किती दिवसांचं आहे आणि त्याला श्वासासाठी आधार लागतोय का, म्हणजे व्हेंटिलेटर, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) किंवा जादा ऑक्सिजन, यावर ते ठरतं.

पूर्वी आकडा जरा उतरला की रक्त लावायचे. "जास्त हिमोग्लोबिन म्हणजे मेंदूला जास्त ऑक्सिजन" हा त्यामागचा तर्क, आणि तो ऐकायला पटतोही. २०२० साली दोन मोठ्या चाचण्यांनी तो पडताळून पाहिला. अमेरिकेतल्या 'टॉप' चाचणीत १००० ग्रॅमपर्यंतची १८२४ बाळं होती, युरोपातल्या 'एट्नो' चाचणीत १००० ग्रॅमच्या आतली १०१३. दोन्हींत निम्म्या बाळांना लवकर रक्त दिलं आणि निम्म्यांच्या बाबतीत जास्त वाट पाहिली. दोन वर्षांच्या सुमारास किती बाळांचा मृत्यू झाला किंवा मेंदूच्या विकासात अडथळा आला, ते मोजलं. टॉपमध्ये हे प्रमाण लवकर देणाऱ्या गटात ५०.१ टक्के, तर थांबणाऱ्या गटात ४९.८ टक्के निघालं. एट्नोमध्ये ४४.४ आणि ४२.९. म्हणजे जास्त रक्त देऊन बाळांचं काही जास्त भलं झालं नाही.

त्यावर आधारलेली आंतरराष्ट्रीय शिफारस २०२४ साली आली. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला श्वासाचा आधार लागत असेल तर पहिल्या आठवड्यात ११, दुसऱ्या आठवड्यात १० आणि पुढे ८.५ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेल्यावर रक्ताचा विचार करायचा. आधार लागत नसेल तर हेच आकडे १०, ८.५ आणि ७ असे आहेत.

याच्याही खाली जाऊ द्यावं का? या चाचण्या याहून खाली उतरल्याच नाहीत. म्हणून "अजून थोडं थांबू" हा आग्रह घरच्यांनी धरू नये. उलट बाळाला जंतुसंसर्ग झाला असेल, ऑपरेशन व्हायचं असेल, रक्तस्राव होत असेल किंवा रक्तदाब टिकत नसेल, तर डॉक्टर या आकड्यांच्या आधीही रक्त देतील आणि ते योग्यच असेल.

शेजारच्या बाळाचं हिमोग्लोबिन ९ असताना रक्त दिलं, आमच्या बाळाचं ८ आहे तरी देत नाहीत. असं का?

वरच्याच कारणाने. ते बाळ कदाचित दहा दिवसांचं आणि व्हेंटिलेटरवर असेल. तुमचं पाच आठवड्यांचं असेल, स्वतः श्वास घेत असेल, दूध पचवत असेल आणि वजन वाढवत असेल. अशा बाळाला ८ पुरतं. बाहेर बाकावर बसून आकड्यांची तुलना होतेच, पण तिच्यावरून काळजी वाढवून घेऊ नका.

किती रक्त देतात? किती वेळ लागतो?

साधारणपणे किलोमागे १० ते २० मिली. ९०० ग्रॅमच्या बाळाला १५ मिलीच्या हिशेबाने साडेतेरा मिली, म्हणजे चहाच्या लहान चमच्याने अडीच-तीन चमचे. ते सिरिंज पंपातून तीन-चार तासांत हळूहळू जातं. पिशवी थंडीतून बाहेर काढल्यावर चार तासांत संपवावी लागते, कारण नंतर त्यात जंतू वाढू शकतात. दिलं जातं ते अख्खं रक्त नसतं, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, काढून घेतलेल्या लाल पेशी असतात. दवाखान्यात याला 'पीसीव्ही' किंवा 'पॅक सेल' म्हणतात.

घरचं रक्त आहे ना! वडिलांचं का घेत नाही?

हा प्रश्न फार मायेतून येतो. काका, मामा, आजोबा सगळे बाही वर करून उभे असतात. तरीही उत्तर "नको" असंच आहे, आणि त्याला भक्कम कारणं आहेत.

दात्याच्या रक्तात थोड्या पांढऱ्या पेशी असतात. एरवी घेणाऱ्याचं शरीर त्यांना परकं ओळखून संपवतं. पण रक्ताच्या नात्यातल्या दात्याच्या पेशी बाळाशी इतक्या जुळू शकतात की बाळाचं शरीर त्यांना परकं मानतच नाही. मग त्या पेशी बाळाच्या अंगात वाढतात आणि बाळावरच हल्ला करतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बाळ सहसा वाचत नाही. त्यामुळे नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं तर त्यावर आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते, आणि ही सोय मोजक्याच ठिकाणी असते.

दुसरं कारण आईकडचं आहे. गरोदरपणात आईच्या शरीरात कधीकधी वडिलांच्या रक्तातल्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात आणि ती वारेतून बाळातही येतात. अशा बाळाला वडिलांचं रक्त दिलं तर त्या पेशी फुटू शकतात. तिसरी गोष्ट म्हणजे संकोच. सगळं घर बघत असताना एखादा नातेवाईक आपल्या आजाराबद्दल किंवा सवयींबद्दल खरं सांगेलच असं नाही. अनोळखी, स्वेच्छेने आणि नियमित रक्त देणारा दाता बाळासाठी जास्त सुरक्षित असतो.

बाबांना काही करायचंच असेल तर त्यांनी रक्तपेढीत जरूर रक्तदान करावं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बाळाच्या रक्तासाठी आईचा नमुना कशाला?

बाळ पहिले चार-सहा महिने स्वतःची गटविरोधी प्रतिपिंडं फारशी तयार करत नाही. त्याच्या अंगात असतात ती आईकडून आलेली. म्हणून रक्त आई आणि बाळ दोघांनाही चालणारं हवं, आणि जुळवणी आईच्या नमुन्याशी करतात. बाळाचा गट 'ए' असूनही पिशवी 'ओ' गटाची आली, तर घाबरू नका, ती मुद्दाम तशी निवडलेली असते. आई दुसऱ्या रुग्णालयात असेल तर तिचा नमुना लवकर मागवून घ्या. बाळ एका गावात आणि आई दुसऱ्या, अशा वेळी याच कामात तास जातात.

एक दुर्मिळ बाब महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. 'बॉम्बे' रक्तगट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. साध्या तपासणीत तो 'ओ' सारखाच दिसतो, पण त्या व्यक्तीला 'ओ' रक्तही चालत नाही. आईच्या माहेरी कुणाचा हा गट असल्याचं माहीत असेल, किंवा आईच्या नमुन्याशी 'ओ' च्या पिशव्याही जुळत नसतील, तर रक्तपेढीला लगेच सांगा. असे दाते शोधायला वेळ लागतो.

रक्तातून एखादा आजार येणार नाही ना?

भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली, आणि तेव्हापासून रक्त बरंच सुरक्षित झालं. धोका शून्य मात्र झालेला नाही. संसर्ग अगदी ताजा असेल तर तो नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या 'नॅट' या तपासणीने ही फट बरीच कमी होते, पण ती सगळीकडे सक्तीची नाही. तुमच्या रक्तपेढीत होते का, विचारा.

या बाळांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. सीएमव्ही नावाचा विषाणू मोठ्यांना सहसा त्रास देत नाही, पण इवल्या बाळाला गंभीर आजारी करू शकतो. तो पांढऱ्या पेशींत लपतो. म्हणून पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं, म्हणजे 'ल्युकोरिड्यूस्ड' रक्त मागवावं. मागणीच्या चिठ्ठीवर हा शब्द आहे का, एवढं पाहून घ्या.

पुन्हा रक्त लागलं तर पुन्हा नवा दाता?

तसं व्हायला नको. एका दात्याच्या पिशवीतून या बाळाला लागतं त्याच्या कितीतरी पट रक्त मिळतं. ती पिशवी रक्तपेढीत निर्जंतुक पद्धतीने चार छोट्या पिशव्यांत वाटून एकाच बाळासाठी राखून ठेवता येते. मग दोन-तीनदा रक्त देऊनही दाता एकच राहतो. पहिल्याच वेळी विचारा: "पेडियाट्रिक बॅग मिळेल का, आणि उरलेल्या याच बाळासाठी ठेवता येतील का?" सगळं ताजंच रक्त हवं, या हट्टापेक्षा याचा उपयोग जास्त आहे. कॅनडात ३७७ बाळांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताज्या रक्ताने काही वेगळा फायदा दिसला नाही.

रक्त चालू असताना बाळाकडे कसं लक्ष देतात? मला जवळ बसता येईल का?

सुरू करण्याआधी दोन जण मिळून पिशवीवरचा क्रमांक, गट आणि बाळाच्या पायातल्या पट्टीवरचं नाव पडताळतात. मग ठरावीक वेळाने ताप, ठोके, श्वास आणि रक्तदाब पाहतात, सुरुवातीची पंधरा मिनिटं विशेष. ग्लुकोजचं सलाइन आणि रक्त एकाच नळीतून चालत नाही, लाल पेशी फुटतात. दुसरी शीर न मिळाल्याने सलाइन थांबवलं असेल तर मधून साखर तपासावी लागते.

युनिटमध्ये परवानगी असेल तर जवळ बसा, हात ठेवा. बाळ स्थिर असेल तर काही ठिकाणी कांगारू मातृसेवाही, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं, चालू ठेवतात. दूध द्यायचं की काही तास थांबायचं, याबाबत युनिटागणिक पद्धत वेगळी आहे. रक्त देणं आणि आतड्याचा गंभीर दाह यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही. थांबायला सांगितलं तरी दूध काढून साठवणं बंद करू नका.

प्लेटलेट कमी आहेत म्हणाले. त्याही द्याव्या लागतील?

रक्तस्राव होत नसेल तर बहुधा नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली जाताच भरलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत झाला. २५ हजारांपर्यंत थांबलेल्या गटात १९ टक्के. म्हणजे 'खबरदारी म्हणून' दिलेल्या प्लेटलेटने अपाय झाला. आकडा पाहून जीव वरखाली होतो हे खरं, पण इथे वाट पाहणं हाच उपचार आहे. प्लाझ्माचंही तसंच. रक्त गोठण्यात खरी अडचण असून रक्तस्राव होत असेल तरच तो द्यावा, ताकद यावी म्हणून नव्हे.

रक्ताऐवजी इंजेक्शन किंवा औषध देऊन भागत नाही का?

एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मिळतात आणि त्यांनी रक्त देण्याचं प्रमाण थोडं घटतं. मात्र मेंदूचं रक्षण होईल ही आशा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फळाला आली नाही. म्हणून ती सरसकट देत नाहीत. लोहाचे थेंब मात्र प्रत्येक बाळाला लागतात, दूध पचू लागल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांच्या वयापासून. तातडीची गरज असते तेव्हा रक्ताला पर्याय नाही.

खर्च किती येतो? बदली दाता आणायलाच हवा का?

रक्त विकणं बेकायदा आहे. रक्तपेढी फक्त प्रक्रिया शुल्क घेऊ शकते आणि त्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. पावती मागा. सरकारी रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) सुद्धा, आजारी नवजात बाळाला रक्त मोफत मिळायला हवं. १ जून २०११ ला सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते आहे. खासगी रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा.

बदली दाता आणल्याशिवाय पिशवी देणार नाही, अशी अडवणूक करता येत नाही. तरी एप्रिल-मे आणि दिवाळीत, कॉलेजं बंद असताना, रक्तपेढ्या खरोखरच रिकाम्या होतात. कुठे साठा आहे ते ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर पाहता येतं.

रक्त देण्याआधी कोणत्या तपासण्या उरकायला हव्यात?

हे पुष्कळदा राहून जातं. दात्याच्या पेशी बाळात मिसळल्या की सिकलसेल, थॅलेसेमिया, जी-सिक्स-पीडी (लाल पेशींतल्या एका विकराची कमतरता) आणि काही जन्मजात दोषांच्या तपासण्यांचा निकाल पुढचे तीन-चार महिने भरवशाचा राहत नाही. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेलची घराणी बरीच आहेत. तिथल्या बाळांचा नमुना पहिल्या पिशवीआधी घेऊन ठेवावा. बीसीजी आणि पोलिओच्या डोसांना रक्तामुळे अडथळा येत नाही. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या लशीवेळी आधी रक्त दिल्याची तारीख डॉक्टरांना सांगा.

सही करायला नकार देता येतो का?

संमती विचारपूर्वकच द्यायची असते. कारण काय, किती मिली, पर्याय काय, हे तुमच्या भाषेत समजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. "दोन दिवस थांबून पुन्हा तपासता येईल का?" हा प्रश्नही रास्त आहे, आणि स्थिर बाळाच्या बाबतीत उत्तर कधीकधी "हो" असतं. जिवावर बेतलं असेल तेव्हा मात्र चर्चेत वेळ घालवू नका. कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन ठेवत असतील तर तारीख आणि कारण लिहिल्यावरच सही करा.

घरी गेल्यावर काय पाहायचं?

घरी सोडताना कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: शेवटचं हिमोग्लोबिन, रक्त दिल्याच्या तारखा, लोहाच्या थेंबांचं प्रमाण. हिमोग्लोबिन घरी गेल्यावरही काही आठवडे उतरू शकतं, म्हणून पुढची तपासणी चुकवू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही ठरल्या दिवशी करून घ्या. ती कमी दिवसांच्या प्रत्येक बाळाला लागते आणि अनेकदा रक्त दिलेल्या बाळांत तर जास्तच महत्त्वाची असते.

दूध पिताना बाळ दमत असेल, कपाळावर घाम येत असेल, वजन थांबलं असेल, ओठ आणि तळवे पांढुरके दिसत असतील किंवा श्वास जोरात चालत असेल, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. श्वास मधेच थांबत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. लोहाच्या थेंबांनी शी काळपट होते. त्यात काही बिघडत नाही, थेंब चालू ठेवा.